धाकट्यांचा आवाज

सेहेचाळीस वर्षांचे झाले तरी सगळे त्यांना 'धाकटे'च म्हणत. मोठे म्हणजे त्यांचे वडील. आजोबांनी नाटक कंपनी काढून गावोगाव तंबू ठोकले, वडिलांनी शंभरावर सिनेमे गाजवले, आणि धाकटे तर सहा महिन्यांचे असतानाच पडद्यावर आले. प्रसंगात बाळ रडायला हवं होतं आणि बाळ खुदुखुदू हसत होतं, तेव्हा वडिलांनीच दुपट्यात हात घालून चिमटा काढला होता. आल्यागेल्याला ही गोष्ट ते मोठ्या कौतुकाने सांगत.

पंचविशीत धाकटे नायक झाले. गाजावाजा खूप झाला, सिनेमा मात्र आठवड्यात उतरला. नाकडोळे आईचे, अंगकाठी बेताची, पण आवाज हुबेहूब वडिलांचा. थिएटरच्या जिन्यात एक प्रेक्षक दुसऱ्याला सांगत होता, "डोळे मिटून बघितला तर बरा आहे." धाकट्यांनी ते ऐकलं आणि मान खाली घालून बाजूला झाले. पुढे नायकाचा भाऊ, मग इन्स्पेक्टर, मग कोर्टातला दुसरा वकील असं करत करत कामं आटली.

मोठ्यांच्या शेवटच्या सिनेमाचं शूटिंग संपलं, आणि डबिंगला चार दिवस असताना त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. निर्माता भेटायला आला. खाटेजवळ बसून त्याने तब्येतीची चौकशी केली आणि मग धाकट्यांकडे वळून म्हणाला, की सिनेमा आता तुमच्या हातात आहे. मोठ्यांनी ऐकलं आणि डोळे मिटले. तो होकार की नकार, कुणालाच उमगलं नाही. निर्मात्याने होकार धरला.

सात दिवस धाकटे त्या बंद खोलीत कानाला हेडफोन लावून उभे होते. समोर पडद्यावर वडिलांचे ओठ हलत आणि हे त्यात शब्द भरत. सहाव्या दिवशी शेवटचा प्रसंग आला. त्यात म्हातारा बाप मुलाची माफी मागतो. 'तुला मी कधी उभंच राहू दिलं नाही,' असं वाक्य होतं. घरात हे शब्द धाकट्यांच्या कानावर कधी पडले नव्हते. आता ते त्यांनाच बोलायचे होते. अकरा वेळा वाक्य अर्ध्यातच मोडलं. काचेपलीकडचा रेकॉर्डिस्ट हळूच म्हणाला, "साहेब, रडू नका. ओठ जुळत नाहीत."

सिनेमा तुफान चालला. श्रेयनामावलीत धाकट्यांचं नाव नव्हतं. लोकांचा विरस होईल, असं निर्मात्याचं म्हणणं पडलं. मोठ्यांना पुरस्कार मिळाला. चाकाच्या खुर्चीत बसवून मंचावर त्यांना नेलं धाकट्यांनीच, पण मागे उभा असलेला माणूस कोण, हे कुणी विचारलं नाही.

घरी सिनेमा दाखवला तेव्हा मोठ्यांनी खुणेने पाटी मागितली आणि डाव्या हाताने वेडंवाकडं लिहिलं, 'माफीत श्वास चुकला.'

"कुठे?" धाकट्यांनी विचारलं.

मोठ्यांनी बोलून दाखवायचा प्रयत्न केला. घशातून नुसती घरघर निघाली, हनुवटीवर लाळ आली. धाकट्यांनी ती पुसली. मग वडील खाटेच्या दांडीवर बोटाने ठेका देऊ लागले आणि मुलगा त्या ठेक्यावर ते वाक्य म्हणू लागला. महिनाभर रोज संध्याकाळी हे चाललं. एवढा वेळ वडिलांनी त्यांना जन्मात दिला नव्हता. पण शेवटपर्यंत मोठ्यांची मान नकारार्थीच हलली, आणि थंडी सरायच्या आत ते गेले.

त्यानंतर धाकट्यांना काम मिळे ते मोठ्यांच्या आवाजाचंच. जुन्या सिनेमांचा खराब झालेला ध्वनी पुन्हा भरायचा, कधी एखादी जाहिरात. वर्षभराने एका तरुण दिग्दर्शिकेने बोलावलं. भूमिका शाळेतल्या कारकुनाची, लहान पण जीव असलेली. धाकटे दाढी घोटून, इस्त्रीचा शर्ट घालून गेले. पहिलं पान वाचून झालं तसं तिने अदबीने थांबवलं.

"सर, मोठ्यांचा नको. तुमच्या स्वतःच्या आवाजात वाचाल का?"

धाकट्यांनी कागद खाली ठेवला. "हाच माझा आहे," ते म्हणाले.

ती ओशाळली. त्यांनी दुसरं पानही वाचलं, जमेल तितक्या खालच्या पट्टीत. तिने आभार मानले, कळवते म्हणाली, दारापर्यंत सोडायला आली. तिचा निरोप आला नाही. बायकोने विचारलं तेव्हा धाकट्यांनी सांगितलं, की सिनेमावाल्यांना वयाने लहान माणूस हवा होता. बायकोला ते खरं वाटलं नाही. तिने खुंटीवर तसाच टांगून ठेवलेला तो इस्त्रीचा शर्ट घेतला आणि धुवायला टाकला.