आवाज न भरणारं यंत्र

एकोणऐंशी सालच्या वसंतात आमच्या तोक्योच्या कारखान्यात एक विचित्र काम आलं. बातमीदारांचे छोटे टेपरेकॉर्डर उघडायचे आणि आवाज भरणारा भाग काढून टाकायचा. नुसतं ऐकायचं यंत्र बनवायचं होतं. दोघांना ऐकता यावं म्हणून दोन हेडफोनची सोय, आणि एक नारिंगी बटण. ते दाबून बोललं की गाणं हळू होई आणि बोलणं दोघांच्या कानांत येई.

मुकादम कुरामोचींनी नाव सांगितलं, वॉकमन. "चालता चालता ऐकायचं, म्हणून."

"असलं इंग्रजी इंग्रजांना तरी कळेल का?" शेजारची ओतोवा म्हणाली.

"तू तुझं काम कर. इंग्रजांचं ते बघतील."

सगळ्या हसल्या. माझं लक्ष इस्पितळात होतं. धाकट्या बहिणीच्या, किसाएच्या, घशात गाठ होती. डॉक्टर तिचं स्वरयंत्रच काढणार होते. त्याआधी तिचा आवाज मला टेपवर भरून ठेवायचा होता. घरचा टेपरेकॉर्डर मी रोज नेई आणि ती रोज तोंड मिटून घेई. तो बंद केला की म्हणे,

"मी गेल्यावर लावत बसशील. मी काय मेलेय?"

शस्त्रक्रियेच्या आदल्या संध्याकाळी मी कामावरून थेट गेले. कुरामोचींनी वापरून बघायला दिलेलं नवं यंत्र तेवढं जवळ होतं.

"आज हे कसलं आणलंस, ताई?"

"हे आवाज भरत नाही. भरणारा भाग मीच काढून टाकलाय."

"खरंच ना?"

"खरंच."

गाण्यांची कॅसेट घालून आम्ही दोघींनी हेडफोन लावले. किसाएने बटण दाबलं आणि बोलतच सुटली. मासळीबाजारात आई गिऱ्हाइकांना कशी झापायची, त्याची नक्कल केली. माझ्या नवऱ्याच्या घोरण्याची केली. मग गाण्यामागून गुणगुणली. आवाज घोगरा झाला होता, पण इतका जवळून आला की तिचा श्वासही ऐकू येत होता.

धावत जाऊन घरचा टेपरेकॉर्डर आणावा, असं मनात आलं. पण तो पाहताच ती गप्प झाली असती. मी बसून राहिले. कॅसेट संपली तेव्हा म्हणाली, "उलटी लाव ना." मी लावली.

त्यानंतर किसाए बरीच वर्षं जगली. जे सांगायचं ते पाटीवर लिहायची. युद्धात माझी शाळा सुटली होती, मला वाचता येत नव्हतं, म्हणून त्या वयात अक्षरं शिकले. तिने लिहिलेलं मी मोठ्याने वाचायची, आणि ऐकू यायचा तो माझाच आवाज.