दिवेबाबानं विझवलेला दिवा

लोह्याहून नांदेडकडे निघालं की उजव्या हाताला एक मोकळं रान लागतं. तिथं दर गुरुवारी गाड्यांची जत्रा भरायची. देवाला माणसं जातात. इथं माणसं गाड्या घेऊन यायची. बहुतेक सगळ्या जुन्या, दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या हाताच्या. पोरांचे क्लास नांदेडला, लातूरला. एसटीच्या भरवशावर डॉक्टर होतात का पोरं? म्हणून घरोघरी जुनी गाडी आली होती, आणि गाडीबरोबर काट्यांच्या शेजारी पेटणारा ‘तो’ एबीएसचा पिवळा दिवाही.

त्या गुरुवारी मधोमध व्यंकटची पांढरी गाडी उभी होती. तिच्यावर काळं कापड पांघरलेलं. कापडाच्या आत चेला भुजंग बाधा बांधत बसलेला, आणि बाहेर गाड्यांचे दिवे विझवणारे दिवेबाबा बॉनेटवर लिंबू फिरवत होते.

“ए, बी, एस!” बाबा गरजले. “अक्षरं इंग्रजी, पर अर्थ आपला हाय! अ म्हणजे अतृप्त, ब म्हणजे बाधा, स म्हणजे संचार! कंपनीला समदं ठाव हाय, पर कंपनी सांगत न्हाई. का सांगत न्हाई?”

“गाड्या कोण घेईल मंग?” गर्दीतून कुणीतरी पढवल्यासारखं बोललं.

“हाव! बरोबर बोलला!”

बऱ्याच वेळानं भुजंग घामाघूम होऊन बाहेर आला. कापड ओढलं गेलं, व्यंकटनं गाडी चालू केली. महिनाभर डोळे वटारून बसलेला दिवा गायब! माणसं एकमेकांच्या खांद्यावर चढून बघू लागली. म्हाताऱ्या केवळाबाईनं तर बॉनेटलाच डोकं टेकवलं. बाबांच्या नावानं रान दणाणलं.

हात जोडले नाहीत ते एकट्या सिंधुनं. सिंधु म्हणजे व्यंकटची बायको. ती नास्तिक होती असं नाही हो. सकाळी पाच वातींचा दिवा लावल्याशिवाय तोंडात पाणी घ्यायची नाही. गुरुवारचा उपास निरंकार, आणि नेम असा की आजारपणातसुद्धा मोडायचा नाही. पण देवाच्या दारात ओरडाओरड कशाला लागते, हे तिला कधी समजलं नव्हतं.

आणि आता बाबा तिच्याकडंच वळले.

“ही गाडी एम एच चोवीस. लातूरची. बाई, तुमचं माहेर कोणतं?”

“औसा तालुका,” व्यंकटनंच सांगून टाकलं. “भूकंपात गेलं गाव. हिचा भाऊ दयानंद, त्यातच...”

झालं. बाबांना पाहिजे ते मिळालं. त्यांनी डोळे मिटले, मान गदगदा हलवली.

“मामा हाय! भाचीसाठी जीव अडकला त्याचा. पोरगी गाडीत बसली की दिवा पेटवून बोलावून राहिला. आज बांधला म्या त्याला. पर सांगून ठेवतो, पोरीनं वर्षभर गंगा ओलांडायची न्हाई. ओलांडली, तर मामा नेईल.”

गंगा म्हणजे गोदावरी. आणि त्यांच्या पोरीचा, उज्वलाचा क्लास पुलाच्या पलीकडं, नांदेडात. परीक्षा उन्हाळ्यात. म्हणजे एका वाक्यात पोरीचं वर्ष बुडालं.

घरी आल्यावर सिंधुनं दार लावलं आणि म्हणाली, “अहो, दयानंद गेला तेव्हा ही गाडी जन्माला तरी आली होती का?”

“आत्म्याला काळवेळ असतो का सिंधु? तू इतकी देवाधर्माची, आणि तूच असं बोलतीस?”

“देवाधर्माची आहे म्हणूनच बोलते.”

“दिवा गेला का न्हाई, तेवढं सांग!”

दिवा गेला होता खरा. तिनं नाक्यावरच्या खाजाचंही करून पाहिलं होतं. खाजा गाड्यांची वायरिंग बघायचा. त्यानं बिघाड वाचणारं मशीन लावून दिवा घालवला, तो नांदेडच्या वाटेवर सोनखेडच्या पुढं पुन्हा हजर! दुसऱ्यांदा मशीन लावलं. “भाभी, मशीन मागचं डावं चाक दाखवतंय. चाकाची फिरकी मोजणारा सेन्सर मागवावा लागते, आठ दिवस थांबा.” आठाचे वीस झाले, सेन्सर काही लातूरहून निघेना. शेजारी म्हणे ब्रेकचं तेल बदला, मेहुणा म्हणे बॅटरी काढून ठेवा. सगळ्यांचं ऐकून झालं, आणि मग ओरडणाऱ्या माणसानं बाजी मारली. आता कुणाशी आणि कशाच्या जोरावर भांडायचं? आत उज्वला पुस्तक उघडून बसली होती, पण पान उलटत नव्हतं.

सोमवारी व्यंकट क्लासमधून पोरीचं नाव काढायला निघाला. सिंधु शेजारी बसली. वाटेत पुन्हा एकदा विनवावं म्हणून. अवकाळीनं रस्ता निसरडा झालेला. विष्णुपुरीच्या अलीकडं उसाचा ट्रॅक्टर अचानक आडवा वळला. व्यंकटनं ब्रेकवर उभं राहून पाय दाबला. चाकं गच्च झाली आणि गाडी साबणाच्या वडीसारखी सरकत निघाली. त्यानं स्टिअरिंग फिरवलं, गाडीनं ऐकलंच नाही. ट्रॉलीतून बाहेर आलेला ऊस काचेला टेकला, तेव्हा कुठं ती थांबली.

“बाबांनी वाचवलं,” व्यंकट स्टिअरिंगपुढं हात जोडून म्हणाला.

गाडी बंद पडली होती. त्यानं किल्ली अर्धी फिरवली. समोर सगळे दिवे एकदम उजळले: तेलाचा, बॅटरीचा, पट्ट्याचा, हातब्रेकचा. आणि सिंधुची नजर अडली. रोज पाच वाती लावणाऱ्या बाईला चार पेटलेल्या मोजाव्या लागत नाहीत. अंधारी जागा तिला आधी दिसते.

“अहो, पुन्हा फिरवा किल्ली.”

“काय झालं?”

“फिरवा म्हणते ना!”

पुन्हा रांग उजळली. मधली एक जागा काळी.

गाडी तिनं तिथूनच माघारी वळवायला लावली. अंगणात उज्वलाला हाक मारली. “बाळा, किल्ली फिरवली की हा पिवळा दिवा आधी कसा वागायचा?”

“एकदा लागतोच, मम्मी. नीट असलेल्या गाडीत पण लागतो. गाडी स्वतःची तपासणी करते, मग आपोआप विझवते.” पोरगी वाकून बघू लागली आणि एकदम ताठ झाली. “हा तर लागतच नाही! पप्पा, बिघाड गेला असता तर दिवा लागून विझला असता. हा लागतच नाही म्हणजे कुणीतरी झाकलाय!”

“आणि ब्रेक?”

“साधा ब्रेक चालतो. पण जोरात दाबला की चाक अडकतं आणि गाडी घसरते. एबीएस ते चाक धरतं, सोडतं, धरतं, सोडतं. म्हणून घसरताना पण गाडी वळवता येते. आपलं ते बंदच आहे. फक्त सांगणाऱ्याचं तोंड दाबलंय.”

व्यंकटनं स्वतः दोनदा किल्ली फिरवून पाहिली. दुसऱ्या दिवशी तो नाव काढायला नांदेडला गेला नाही.

गुरुवारी सिंधु उपाशीपोटी, नेम उरकून रानात आली. सोबत व्यंकट, उज्वला आणि पाना-पेचकस घेतलेला खाजा. गर्दी नेहमीसारखीच. उदगीरचे महादेवप्पा नुकतीच घेतलेली गाडी पुजायला आले होते. पूजेनंतर चाकामागं काळा दोरा आणि बिब्बा बांधायची बाबांकडची रीत. व्यंकटच्या गाडीलाही दिवाळीत भुजंगनंच बांधला होता.

सिंधु हळू आवाजात म्हणाली, “ज्यांचे दिवे बाबांनी विझवले, त्यांनी जरा किल्ली अर्धी फिरवा. अप्पा, तुम्हीबी.”

“कशाला? बाधा सुटंल!” भुजंग धावला.

“बांधलेली बाधा किल्लीनं सुटते का रे?” महादेवप्पांनी विचारलं आणि किल्ली फिरवली. त्यांच्या गाडीत पिवळा दिवा लागला आणि क्षणात विझला. शेजारच्या ‘बऱ्या झालेल्या’ गाडीत लागलाच नाही. तिच्या शेजारच्या गाडीतही नाही. माणसं या खिडकीतून त्या खिडकीत डोकावू लागली. गलका हळूहळू बसला.

खाजानं व्यंकटच्या गाडीच्या काट्यांवरची काच सोडवली आणि नखानं काहीतरी खरवडून सिंधुच्या तळहातावर ठेवलं.

काळी टिकली. बाजारात पाकिटानं मिळते ती.

“बाईमाणसाला ओळखू येणार नाही व्हय ही?” सिंधु म्हणाली. “ही तुमची मंत्रशक्ती?”

मग मागचं डावं चाक निघालं. बिब्ब्याचा दोरा नुसता चाकामागं नव्हता. सेन्सरच्या बारीक वायरीलाच गच्च आवळलेला. हादऱ्या-हादऱ्यानं वायर काचून तुटली होती.

“मी बी चाक खोलून पाहिलंच नव्हतं, भाभी,” खाजा ओशाळला. “सीधा पार्ट मागवून बसलो. वायर जोडली की झालं हे.”

“म्हणजे दोरा बांधून दिवा लावायचा, आणि टिकली लावून विझवायचा!” महादेवप्पा हसत सुटले. मग एकदम दचकून ओरडले, “ए भुजंग्या, सरक मागं! माझ्या चाकाला हात लावशील तर बघ!”

बाबांनी शेवटचं लिंबू काढलं. “बाई, भावाच्या आत्म्याचा तळतळाट लागंल!”

सिंधुचा आवाज तेव्हा पहिल्यांदा चढला.

“त्याचं नाव घेऊ नका. माझा भाऊ भिंतीखाली गेला. हातभर जाडीची दगडाची भिंत, मधी नुसती माती. तेव्हाबी तुमच्यासारखे आले होते, गावाला पाप भोवलं म्हणून सांगायला. पाप नव्हतं हो. बांधणी चुकली होती. ती आधी कुणी तपासली असती, तर तो आज भाचीला क्लासला सोडायला आला असता!”

तेवढ्यात केवळाबाई पुढं आली, टिकली निरखून म्हणाली, “पर सूनबाई, टिकली अभिमंत्रित असंल की!”

सिंधुनं कपाळाला हात लावला. काय करावं अशा माणसांचं? पण तिनं म्हातारीला हात धरून गाडीत बसवलं, किल्ली तिच्याच हातात दिली. तोवर खाजानं वायर जोडून मशीन लावलं होतं.

“फिरवा मावशी. आता तुम्हीच बघा.”

दिवा लागला. विझला. ना लिंबू, ना मंत्र. म्हातारीनं पुन्हा फिरवली. पुन्हा लागला, पुन्हा विझला. “अगं बया,” ती पुटपुटली, आणि तिसऱ्यांदा फिरवून बघितली.

बाबा आणि भुजंग केव्हा निसटले, कुणी पाहिलं नाही. काही जण मात्र ते परत येतील म्हणून संध्याकाळपर्यंत थांबले.

देवापुढं दिवा जरूर लावावा, मन उजळतं. पण गाडीतला दिवा देवाचा नाही, धोक्याचा निरोप आहे. निरोप्याचं तोंड दाबून संकट टळत नाही. कुणी चमत्कार दाखवला तर हात जोडायच्या आधी एकदा किल्ली फिरवून बघावी. खरा देव असल्या तपासणीनं रागावत नाही.

शुक्रवारी सकाळी पाच वाती लावून सिंधु गाडीत बसली. व्यंकटनं चार दिवे नाही, सगळे उजळलेले पाहिले, मगच गाडी काढली. मागच्या सीटवर उज्वला पुस्तकात बुडालेली. पूल आला, गेला. गंगा ओलांडल्याचं तिच्या ध्यानातसुद्धा आलं नाही.