मधले चौदा सेकंद

"साखर तिसऱ्यांदा घालतेयस," नवरा म्हणाला. "एक तर तुझं डोकं फिरलंय, नाही तर आज माझा वाढदिवस आहे."

मी कप त्याच्यापुढून ओढून घेतला, चहा बेसिनमध्ये ओतला आणि पुन्हा आधण ठेवलं. मग खिडकी पुसायला घेतली. खिडकी स्वच्छ होती. कालच पुसली होती, परवाही.

"अगं, बस ना जरा."

"बसून काय करू?"

"काहीच करू नकोस. बसायचं म्हणजे तेच तर असतं."

माझा नवरा लिफ्ट दुरुस्त करतो. दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेल्या माणसांना दाराच्या फटीतून धीर देण्यात त्याचा हातखंडा आहे आणि घरीही तो तोच सूर लावतो. मला त्या सुराचा राग येतो. आठ दिवस मी हाताला लागेल ते पुसत सुटले होते आणि त्याचं कारण त्याला चांगलं माहीत होतं.

"आज चारला ट्रॉली जाणार," मी म्हणाले.

"मग सांगून टाक."

"सांगितलं तर रेडिओ बिचारीची नोकरी जाईल."

"मग नको सांगूस."

"हे काय उत्तर झालं?"

"दोन्ही उत्तरं दिली. त्यातलं एक घे आणि मला चहा दे."

मी कारखान्यात तार गुंडाळते. रणगाडा फोडणाऱ्या क्षेपणास्त्राच्या शेपटीत एक रीळ असतं आणि त्या रिळावर पावणेचार किलोमीटर तार. केसाहून किंचित जाड. क्षेपणास्त्र सुटलं की ती मागे मागे सुटत जाते आणि ज्याने ते सोडलं तो माणूस त्याच तारेतून त्याला डावीकडे, उजवीकडे, वर, खाली वळवतो. तार मध्येच तुटली तर क्षेपणास्त्र भरकटतं आणि कुठेतरी मातीत जाऊन पडतं.

एक रीळ भरायला पन्नास मिनिटं लागतात. यंत्र फिरवतं, यंत्र मोजतं, ताणही यंत्रच सांभाळतं. फक्त डाव्या हाताच्या पहिल्या बोटाचं टोक सगळा वेळ तारेवर ठेवावं लागतं. एखादा वेढा शेजारच्या वेढ्यावर चढला तर यंत्राला ते कळत नाही, बोटाला कळतं. बोट उचललं गेलं की यंत्र थांबवायचं आणि रिळाला लाल चिठ्ठी लावायची. ते रीळ बाद. नियम इतका सोपा आहे की नव्या मुलींना तो पहिल्या दिवशी दोन मिनिटांत शिकवून होतो.

रेडिओ माझ्या शेजारच्या यंत्रावर बसते. हे नाव तिला कोणी ठेवलं आठवत नाही, पण का ठेवलं ते विचारायची गरज पडत नाही. गुंडाळताना बोलायला बंदी आहे. ती ओठ न हलवता बोलते. त्यापायी तिला दोन लेखी शेरे मिळालेत. तिसरा मिळाला की बाहेर, हे साहेबांनी तिला सगळ्यांसमोर बजावलं होतं. तिच्या घरात कमावणारी ती एकटीच आहे.

एकवीस दिवसांपूर्वी मी चारशेबारा नंबरचं रीळ भरत होते. निम्म्यावर आले होते. तेवढ्यात साहेब फेरी मारायला आले. अंगात नवीकोरी पँट, आणि मागच्या खिशाला दुकानाचं लेबल लोंबतंय. साहेब मोठ्या रुबाबात आमच्या रांगेवरून पुढे गेले आणि शेजारून हलकेच आवाज आला, "लेबल तसंच आहे बघ. म्हणजे साहेब अजून परत करता येतील."

मी हसले. तोंड मिटून, नाकातून, पण सगळं अंग हललं. बोट उचललं गेलं. दोन वेढे असतील, फार तर तीन. लगेच टेकवलं. खालची तार सारखी लागली. यंत्र चालूच होतं. मी ते थांबवलं नाही.

भरलेली रिळं भट्टीत शेकून घेतात आणि मग एकवीस दिवस कपाटात ठेवतात. तारेला विश्रांती, असं त्याला म्हणतात. मग ती ट्रॉलीवरून जुळणी विभागात जातात आणि क्षेपणास्त्रात बसवून बंद करतात. त्यानंतर कुठलं रीळ कुठे गेलं हे कोणी उघडून बघत नाही.

पहिले तेरा दिवस मला काही वाटलं नाही, हे खरं सांगते. दोन वेढे तर. पण मागच्या आठवड्यात एक सैनिक आला. वर्षातून एकदा असं कोणी ना कोणी येतं, जेवणाच्या हॉलमध्ये आम्हाला उभं करतात, पाहुणा आमचं कौतुक करतो आणि आम्ही टाळ्या वाजवतो. हा तिशीतला होता, भाषणाची सवय नसलेला. हात कुठे ठेवावेत ते त्याला कळत नव्हतं.

"रणगाडा तीन किलोमीटरवर असतो," तो म्हणाला. "आपलं क्षेपणास्त्र तिथे पोचायला सोळा सेकंद लागतात. ते सुटलं की धूर उठतो, आणि आम्ही कुठे बसलोय ते त्याला दिसतं. तो तोफ वळवतो. त्याचा गोळा आमच्यापर्यंत दोन सेकंदांत येतो." मग त्याने बोटांवर मोजल्यासारखं केलं. "म्हणजे मधले चौदा सेकंद असतात. तेवढ्यात त्याला आम्ही सापडायचं नाही. पण आम्हाला पळताही येत नाही, खाली डोकंही घालता येत नाही. दुर्बिणीतली फुली त्याच्यावर धरून बसायचं. जरा हललो की ते चुकलं. तेवढा वेळ आमच्याकडे दुसरं काही नसतं. तुमची तारच असते."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझे हात वर आलेच नाहीत.

त्या दिवसापासून मी सेकंद मोजू लागले. नवऱ्याला चष्मा सापडायला सोळा सेकंद लागतात. आमच्या जिन्याचे दोन मजले म्हणजे सोळा सेकंद. एकदा मी खुर्चीवर बसून न हलता सोळा सेकंद काढायचा प्रयत्न केला. नऊवर उठले आणि स्टोव्ह पुसला.

नवऱ्याला सगळं सांगितलं तेव्हा त्याने आधी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "पण तार तुटली तर समोरच्या रणगाड्यातली तीन-चार माणसं वाचतील ना? तीही कोणाची तरी असतीलच."

मी फडका त्याच्या अंगावर फेकला. त्या माणसांचं काय करायचं ते मला अजून ठरवता येत नाही. पण त्या हात कुठे ठेवावेत न कळणाऱ्या माणसाला मी एक वस्तू चांगली आहे असं सांगून देत होते, आणि ती चांगली आहे की नाही हे मला माहीत नव्हतं. एवढंच मला कळत होतं आणि तेवढ्याने माझी झोप उडाली होती.

आज दुपारच्या सुट्टीत मी रेडिओला कोपऱ्यातल्या टेबलाशी घेऊन गेले आणि सांगितलं.

तिने डबा बंद केला. "वेडी झालीस का? वीस दिवस तोंड शिवून बसलीस, आणि आज कसला उमाळा आलाय?"

"तुझं नाव नाही सांगणार."

"म्हणजे काय सांगणार? आपोआप हसू आलं? तू? तुला हसवायला मला अकरा वर्षं लागली, बाई." तिचा आवाज चढला, मग तिने तो गिळला. "घरी चार तोंडं आहेत गं माझ्या. दोन वेढ्यांनी काय होतंय? कोणाला कळणार आहे?"

"त्यालाच कळेल."

ती उठली आणि निघून गेली. डबा टेबलावरच राहिला. मी तो तिच्या यंत्रापाशी नेऊन ठेवला तर तिने मान वर केली नाही.

रेडिओसाठी गप्प बसले असं मी स्वतःला रोज सांगत होते. ते खोटं होतं. एकोणीस वर्षांत माझ्या नावावर एकही लाल चिठ्ठी नव्हती. अख्ख्या विभागाच्या वहीत असं कोरं पान फक्त माझं. बोट उचललं गेलं त्या क्षणी मला रेडिओ आठवली नाही, ते पान आठवलं. ही गोष्ट मी नवऱ्यालाही सांगितलेली नाही.

साडेतीनला मी साहेबांच्या केबिनमध्ये गेले. ते ट्रॉलीच्या कागदांवर सह्या करत होते.

"चारशेबारा नंबरचं रीळ बाद करा, साहेब. माझं बोट उचललं गेलं होतं."

सही अर्धी राहिली. "कधी?"

"गुंडाळताना. एकवीस दिवस झाले."

"आणि आज सांगताय?"

"हो."

साहेबांनी उठून दार लावलं. "हे बघा बाई, मोजणी बरोबर आहे, ताण बरोबर आहे. आम्ही भिंगाखाली पाहिलंय ते रीळ."

"वरचा थर पाहिलात, साहेब. मी हसले तेव्हा आतला चालला होता."

"हसलात?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं जणू मी चोरी केल्याचं सांगत होते. मग त्यांचा आवाज एकदम खाली आला. "बाई, तीन महिन्यांनी हा विभागच बंद होतोय. नवी क्षेपणास्त्रं आपलं आपण बघून जातात, त्यांना तारच लागत नाही. तुमचं पान कोरं आहे, ते तसंच घेऊन निघा. मी काही ऐकलं नाही. जा, चहा घ्या."

ते मनापासून बोलत होते. ओरडले असते तर मला सोपं गेलं असतं.

"चिठ्ठी द्या, साहेब."

चिठ्ठीवर तीन रकाने असतात. रिळाचा नंबर, तारीख, कारण. मी नंबर लिहिला, तारीख लिहिली आणि तिसऱ्या रकान्यात लिहिलं, 'हसू आले.'

"एवढ्याने भागत नाही. कशामुळे आलं ते लिहा."

"आठवत नाही."

"एकवीस दिवसांपूर्वी बोट उचललं गेलं ते आठवतं, आणि कशाला हसलात ते आठवत नाही?"

मागे दार उघडलं.

"मी हसवलं तिला," रेडिओ म्हणाली. काचेतून तिने मला पाहिलं असणार. तिचा चेहरा रागाने तांबडा झाला होता आणि तो राग माझ्यावरच होता. "एकटीच हसत होती असं लिहिलंत तर वेड्यात काढतील तिला."

"काय बोललात तुम्ही?"

अकरा वर्षांत पहिल्यांदाच रेडिओला शब्द सापडेना. मग तिने खिडकीकडे बघत सांगून टाकलं. "तुमच्या नव्या पँटला लेबल तसंच होतं. मी म्हटलं, साहेब अजून परत करता येतील."

साहेबांचे कान लाल झाले. आम्ही दोघी फरशीकडे बघत राहिलो.

"ते घरी गेल्यावर बायकोला दिसलं," ते हळूच म्हणाले. "दिवसभर एकानेही सांगितलं नाही."

मग त्यांनी चिठ्ठी तिच्याकडे सरकवली. तिने माझ्या अक्षरांखाली लिहिलं, 'मी बोलले', आणि सही केली. साहेबांनी शिक्का मारला. तिसरा शेरा. महिनाअखेरीला रेडिओ बाहेर. मला उद्यापासून खोकी बांधायच्या कामावर पाठवलं. कोणीच आवाज चढवला नाही.

"आता उलगडून बघणार ना?" मी विचारलं. मला ते हवं होतं. वेढा चढला होता की नव्हता, एकदा कळू दे.

"लाल चिठ्ठी लागली की उलगडायचं नाही, कापायचं. जिने गुंडाळलं तिनेच."

म्हणजे ते मला कधीच कळणार नव्हतं. रेडिओलाही नाही.

त्यांनी ट्रॉलीवरून चारशेबारा उचललं आणि टेबलावर ठेवलं. तार कापायची मोठी पकड माझ्या हातात दिली. रेडिओने दोन्ही हातांनी रीळ धरलं, माझ्याशी एक शब्द न बोलता. मी पकड लावून दाबली. वरचे चार-दोन थर तुटले आणि पातं अडकलं. पुन्हा दाबली. अंगातलं सगळं बळ लावलं. तार इतकी अंगासरशी बसली होती की आतला एकही थर जागचा हलेना.

"काय गुंडाळलंयस गं," रेडिओ पुटपुटली.

साहेबांनी पकड घेऊन पाहिली. त्यांच्या कपाळावर घाम आला. त्यांनी अंगठ्याने तार दाबली, रीळ प्रकाशात फिरवून पाहिलं आणि काही न बोलता स्वतः करवत आणायला गेले.

ट्रॉली चारला उरलेली सत्तेचाळीस रिळं घेऊन निघून गेली. आम्ही तिघं आळीपाळीने करवत चालवत होतो. कापून व्हायला साडेचार वाजले.