किआसोक

“दाजी, साहेब विचारतोय, या बेटाचं नाव काय?” वल्हं थांबवून नथानिएलनं विचारलं.

एनोकनं समोरच्या खडकाकडे पाहिलं. सहा वर्षांपूर्वी शिकारीहून येताना समुद्रावरचं बर्फ फुटलं आणि तो नि त्याची बायको थोरिने या खडकावर अडकले. अकराव्या दिवशी थोरिने गेली. शोधायला आलेल्या होडीला आधी ऐकू आलं ते एनोकचं रडणं. त्या होडीत थोरिनेचा भाऊ, हा नथानिएल होता. बहीण मेली आणि हा गडी पोरासारखा रडत बसलेला, हे त्यानं गावभर केलं. तेव्हापासून गाव या बेटाला किआसोक म्हणे. किआसोक म्हणजे रडका.

साहेब, म्हणजे नकाशा करायला आलेला डॅनिश मोजणीदार, पेन्सिल घेऊन वाट पाहत होता. एनोकला उथळ पाण्याच्या जागा ठाऊक, म्हणून साहेबानं त्याला वाटाड्या केलं होतं. डॅनिश मात्र फक्त नथानिएलला येई.

“नाव नाही म्हणून सांग,” एनोक म्हणाला.

“सरकारी माणसाशी खोटं बोलू?”

“मग थोरिने लिहायला सांग. तिथंच दगडांखाली ठेवलीय तिला. तुझीच बहीण होती ना?”

नथानिएल साहेबाशी बोलला. साहेबानं मान हलवली.

“माणसांची नावं द्यायची नाहीत, असा नियम आहे म्हणतो. इथले लोक जे म्हणतात तेच हवंय त्याला. मी सांगून टाकलं.”

“अर्थ सांगितलास?”

“त्यानं विचारला नाही.”

साहेबानं तो शब्द दोनदा लिहून खोडला. मग अदबीनं एनोककडे वळून काही बोलला.

“म्हणतो, तू म्हणून दाखव,” नथानिएल म्हणाला. “तू इथला जुना माणूस. तुझा उच्चार खरा धरायचाय त्याला.”

होडीतले बाकीचे दोघे, गावचेच वल्हेकरी, पाण्याकडे बघू लागले.

“किआसोक,” एनोक म्हणाला.

साहेबानं आभार मानले.

दोन वर्षांनी छापील नकाशा आला आणि गावच्या दुकानात लागला. एनोक दहा वर्षांच्या नातीला, बिबियानेला, घेऊन गेला. तो बोट ठेवी, ती वाचून दाखवी. एका ठिपक्यापाशी ती अडली.

“इथं पुसट आहे, आबा.”

मागं रांगेत कुणीतरी हसलं.

“पुसट नाही. वाच.”

तिनं हळूच वाचलं. एनोकनं मान डोलावली, आणि मागच्यांना दिसावं म्हणून नकाशासमोरून तिला बाजूला घेतलं.