डावी पाठ

मासेमार इतवारीचे हृदय फुगून सैल झाले होते. अंगणातून उंबऱ्यापर्यंत येतानाही त्याचा श्वास तुटत असे. मुंबईच्या इस्पितळात डॉक्टरांनी त्याला उपाय समजावला. पाठीचा एक रुंद स्नायू सोडवून हृदयाभोवती गुंडाळायचा, पोटाच्या कातडीखाली धातूची डबी ठेवायची. डबी विजेची बारीक टोचणी देईल, स्नायू आवळला जाईल आणि थकलेल्या हृदयाला आधार मिळेल.

“त्या बाजूच्या हाताचा जोर मात्र जाईल,” डॉक्टर म्हणाले. “एरवी आम्ही डावीकडचाच घेतो. पण तुमचं पोट जाळ्यावर आहे. डाव्या हातानं फेकत असाल, तर उजवीकडचा घेता येईल.”

खाटेभोवती शिकाऊ डॉक्टर दाटीने उभे होते. त्या पांढऱ्या कोटांपुढे इतवारीला आपला डावा हात एकाएकी उघडा वाटला. लहानपणी प्रसाद घ्यायला तोच हात पुढे जाई, म्हणून आईने तो फडक्याने कमरेशी बांधून ठेवला होता. जेवणापुरता, नमस्कारापुरता इतवारी उजवा झाला; पाण्यात मात्र डावाच राहिला. जाळे त्याच हातातून गोल उमलत असे.

“उजव्यानं फेकतो,” तो म्हणाला.

उशाशी बसलेल्या रेवताबाईने नवऱ्याकडे पाहिले आणि पदर तोंडाशी नेला.

पुढच्या उन्हाळ्यात गावी परतलेला इतवारी करडीच्या तलावाला एक फेरी घालू शकत होता. डावा हात मात्र खांद्याशीच विझत असे. मजूर म्हणून तो दुसऱ्यांची जाळी सुकवू लागला, आणि जाळे का फेकत नाही असे कुणी विचारले तर डबीकडे बोट दाखवू लागला.

एके सकाळी मुंबईचे ते डॉक्टर कॅमेरा घेऊन आले. वैद्यांच्या परिषदेत त्यांना कोळ्याचा फोटो दाखवायचा होता. “एकदाच, जोर न लावता फेका. उजवा हात तर आम्ही शाबूत ठेवलाय.”

काठावर अर्धा मोहल्ला जमला. इतवारी गुडघाभर पाण्यात उतरला. उजव्या हाताने फेकलेले जाळे गोळा होऊन पायाशी पडले.

“काहून बे डावऱ्या!” शेजारचा मंगरू हसत ओरडला. “जनमभर डाव्यानं फेकलं, आता फोटोसाठी उजवा होऊन राहिला का?”

हशा उसळला. डॉक्टर मात्र हसले नाहीत. ते रेवताबाईकडे वळले. “तुम्हाला माहीत होतं?”

“होतं, साहेब. पण चार माणसायसमोर त्यायले खोटं कशी पाडू?”

“मी विचारलं होतं, इतवारी. त्याच्यासाठीच विचारलं होतं.”

“तुमच्या संगं ते शिकलेले पोरं-पोरी होते,” इतवारी पाण्याकडे पाहत म्हणाला. “मले लाज वाटली.”

हसू विरले. मंगरूने खाली पाहिले. इतवारीने जाळे उचलून डाव्या हातात घेतले. सगळ्यांनी पाहिलेच आहे, तर हेही पाहावे. “आता घ्या फोटो,” तो म्हणाला, आणि त्याने फेकले. जाळे अर्धे उघडले आणि वीतभरावर बुडाले.

डॉक्टरांनी कॅमेऱ्याचे झाकण लावले. “राहू द्या,” ते हळू म्हणाले. “फोटोचं काही एवढं नाही.”

त्या सौम्य शब्दांनी इतवारीची मान आणखी खाली गेली. काठावर यायचे सोडून तो तिथेच उभा राहिला, जाळ्यात काहीच नसताना उगाच ते सोडवत.