जास्तीची भाकर

अंड्यावरची कोळशाची रेघ पुसट होत चालली होती. अकरा अंडी, अकरा रेघा — दुसऱ्या कोंबडीनं मध्येच येऊन ताजं अंडं घातलं तर ओळखू यावं म्हणून सत्यशीलानं तीन आठवड्यांपूर्वी चुलीतल्या कोळशानं ओढलेल्या. पण दुसरी कोंबडी आता होतीच कुठं? उगाच काढल्या रेघा, असं तिला वाटलं, आणि लगेच आठवलं की तेव्हा अजून दोघी होत्या, एक उघड्या मानेची आणि एक लंगडी... रेघा काढताना पायात घोटाळत होत्या. तिनं हात मागं घेतला. खुडूक बसलेल्या कोंबडीनं मान फुगवून तिच्या मनगटावर टोच मारली आणि ती टोच तिला बरी वाटली; निदान हिच्या अंगात तरी अजून धमक होती.

आज एकविसावा दिवस. संध्याकाळपर्यंत, फार तर उद्या सकाळी, टरफलं फुटणार. आतापर्यंतची काळजी त्यामानानं सोपी होती: कोंबडी दिवसातून एकदाच उठायची, चार दाणे टिपायची, पाणी प्यायची, परळीच्या वीजकेंद्राकडून वाऱ्यानं येऊन परसात साचलेल्या राखेत अंग घोळायची आणि पुन्हा खोलीतल्या टोपलीत जाऊन बसायची, तेवढा पाव तास सत्यशीला हातात काठी घेऊन उभी राहायची. पण पिलं निघाली की कोंबडी घरात थांबत नसते. ती त्यांना उकरायला शिकवायला बाहेर काढणार. आईला आणि पिलांना दिवसभर डालग्याखाली डालून ठेवावं, तर उन्हाच्या तलखीनं त्यातली निम्मी तिथंच माना टाकणार. म्हणजे उद्यापासून परस, परसाला ती पडकी भिंत, आणि भिंतीपलीकडं भगवानरावांची दोन कुत्री — बादल आणि चांदी.

माघापासून सात कोंबड्या गेल्या होत्या. ही आठवी आणि शेवटची. हिला नाव नव्हतं, पण हिच्या आजीची आजी उमापूरहून एसटीनं आली होती, सत्यशीलाच्या मांडीवर, झाकलेल्या टोपलीत, आई गेली त्या वर्षी. गहिनीनाथ, तिचा भाऊ, म्हणाला होता, आक्का, रतनबाईचं काय न्यायचं ते ने — आईला तो नावानंच हाक मारायचा — तेव्हा भांडी नको, लुगडी नको, ह्या दोन तलंगा, कोवळ्या कोंबड्या, दे, म्हणाली होती ती, आणि भावजय तोंड फिरवून हसली होती. हसेना का. भांड्याला पोचे येतात, लुगडं विरतं. कोंबडी अंडं घालते आणि अंड्यातून कोंबडी निघते. नऊ वर्षं उमापूरच्या परसातली ती कुरकुर ह्या परसात चालू होती. कोंबडी कसली, माहेरच होतं ते, चार दाण्यांवर पोसलेलं.

आणि आज सकाळी चहा घेता घेता रामहरीनं चुलीजवळ कागदाची पुडी ठेवली होती. तिचा हा नवरा मुळात कमी बोलणारा; पायांत चपला घालून झाल्यावर, पेंड आणायला सिरसाळ्याला निघताना, उंबऱ्यात पाठमोरा उभा राहून तो म्हणाला, "आज एक भाकर जास्तीची कर. त्यात ह्ये औषध घाल अन् टाक दुपारी त्या दोघांला."

तिला आधी समजलंच नाही. औषध म्हणजे तुरीवर फवारतात ते, हे कळायला एक क्षण लागला.

"तुमीच टाका की," ती म्हणाली.

"माझ्या हातचं न्हाई खायची ती. तुझ्या हातचं खातेत."

एवढं बोलून तो गेला. फाटक लोटल्याचा आवाज आला, मोटारसायकल दोनदा खोकून सुरू झाली, आणि सत्यशीला परातीपाशी पिठाचा हात तसाच धरून बसून राहिली. तुझ्या हातचं खातेत. म्हणजे ह्याला ठाऊक आहे. कधीपासून ठाऊक आहे?

चंपाषष्ठीचा दिवस होता. घरात खंडोबा, भरीत-रोडग्याचा नैवेद्य आणि कुत्र्यानं घास खाल्ल्याशिवाय तळी उचलायची नाही, ही ह्या घराची जुनी रीत. पण त्या दिवशी गल्लीत औषधालासुद्धा कुत्रं नव्हतं. (औषधालासुद्धा... आज हाही शब्द कसा नेमका तोंडी येतो.) दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांकडं निघाल्या की गल्लीतली कुत्रीही त्यांच्या गाड्यांमागं निघून जातात, ती पार उन्हाळ्यातच परततात. रामहरी ताटकळत बसलेला, भरीत निवत चाललेलं. मग ती ताट घेऊन परसात गेली, भिंतीच्या पडक्या जागी उभी राहिली आणि पलीकडं पाहून तिनं हाक घातली, यू यू यू... आणि ती दोघं आली. उंच पायांची, लांब तोंडाची, राजासारखी चालत आली. बादलनं आधी तिच्याकडं पाहिलं, मग रोडगा खाल्ला. तिला इतका आनंद झाला होता! देवच जेवला म्हणून घरात येळकोट झाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती पुन्हा आली. न बोलावता. तिनं चतकोर टाकला. त्यात पाप काय होतं? लेक स्वप्नाली लग्न होऊन परळीला गेलेली, रामहरी दिवस उजाडता रानात, आणि दुपारी बारा ते तीन ह्या घरात असं काही असतं की मांडणीतल्या पेल्यात पाणी ओतलं तरी त्याचा आवाज ऐकू येतो. त्या वेळेला कुणीतरी भिंतीवरून उडी मारून येत होतं, रांजणापाशी बसत होतं, तिच्या हाताकडं पाहत होतं. दीड महिना ती रोज एक भाकर जास्तीची करत होती आणि कुणाला सांगत नव्हती. मग एकदा बाजरी संपत आली म्हणून, की कुणी पाहील म्हणून, तिला आता आठवत नाही — तिनं बंद केलं. तीन दिवस ती दोघं येऊन बसली, बसून गेली. चौथ्या दिवशी परसात पिसं होती.

हे सगळं माझ्या हातानं झालं आहे. कुणी कुत्र्यांना शिव्या घातल्या की त्या माझ्याच अंगाला येऊन लागतात.

आणि रामहरी भांडायला गेला होता! तिसरी कोंबडी गेली तेव्हा. ती मागं, लिंबाच्या सावलीत, पदर तोंडाला लावून उभी. भगवानराव दोन वेळचे माजी सरपंच, खुर्चीतून न उठता बोलणारा माणूस. त्यांनी हसतच सांगितलं की कुत्रं म्हणजे काय बैल नव्हे दावणीला बांधायला, तुम्हीच तुमच्या कोंबड्या डालून ठेवा. तेव्हा रामहरीचा आवाज चढला होता: "आमी काय त्यांला बोलवाय गेलतो का?" हे ऐकून तेव्हा तिला वाटलं होतं, बिचाऱ्याला ठाऊक नाही. आता पिठात बोटं रुतवून ती ते वाक्य पुन्हा पुन्हा ऐकत होती. ठाऊक असून बोलला? मग ते भगवानरावांना होतं की लिंबाखाली उभ्या असलेल्या मला? मला पाठीशी घातलं की मला टोचलं? सव्वीस वर्षं एका घरात राहून ह्या माणसाचं एक वाक्य मला लावता येत नाही.

दहाच्या सुमाराला साखराबाई आल्या, भगवानरावांची बायको, हातात वाटी घेऊन, विरजण मागायला. सत्यशीलानं आधी झटकन पुडीवर काठवट पालथी घातली. साखराबाई ओट्यावर टेकल्या, उन्हाबद्दल बोलल्या, गुडघ्याबद्दल बोलल्या आणि मग कुत्र्यांवर आल्या. थंडीत त्यांनी घरची भाकर हुंगायचीसुद्धा सोडली होती म्हणे. मालकांना वाटलं, माज आलाय, म्हणून त्यांनी टाकायचंच बंद केलं, उपाशी राहिली की येतील वाटेवर. आली कुठं? नुसती हिंडतात, हाडं वर आलीत.

"कुनी तरी लाड लावले बघ त्यांला," साखराबाई म्हणाल्या. "लावायचे तर लावायचे, मग मधीच सोडू न्हाई."

सत्यशीलाच्या घशाशी वाक्य आलं. वैनी, मीच. एवढंच म्हणायचं होतं, दोन शब्द. ते म्हटले असते तर कदाचित साखराबाई हसल्या असत्या, कदाचित महिनाभर कुत्री बांधली असती, कदाचित कोंबड्यांसाठी केलेला सगळा तंटा रामहरीच्या तोंडावर फेकला गेला असता आणि गावभर झालं असतं, बघा, बायकोच बोलावते आणि नवरा भांडतो... तिनं वाटीत विरजण घातलं. जरा जास्तच घातलं. साखराबाई जिना उतरावा तशा गुडघा धरून ओट्यावरून उतरल्या आणि गेल्या.

मग भाकरी. थापताना हाताला सवयच होती, चौथी भाकर आपोआप थापली गेली. ती तव्यावर फुगली, शेकली, आणि तिनं ती वेगळी, कापडावर ठेवली. पुडीला अजून तिनं हात लावला नव्हता. औषध. शेवटच्या महिन्यात आईही औषध दुसऱ्या कुणाच्या हातचं घेत नव्हती. गहिनीनाथनं चमचा पुढं केला की दात आवळायची. सत्यशीलानं केला की डोळे मिटून आ करायची, चमच्यात काय आहे ते पाहायचीसुद्धा नाही. भावजय म्हणायची, लेकीच्या हातात साखर आहे बाई... त्या आ केलेल्या तोंडाची तिला तेव्हाही भीती वाटायची. कुणी आपल्यावर इतकं टाकून द्यावं, हे बरं नव्हे. मी चुकले असते तर? औषधाची बाटली बदलली असती तर?

ऊन परसाच्या मध्यावर आलं. आतल्या खोलीतून बारीक आवाज आला — ती दाराशी गेली, वाकली. कोंबडी मान तिरकी करून आपल्याच पोटाखाली कान देत होती. टरफलाच्या आतून कुणीतरी चिवचिवत होतं. एक, आणि थांबून दुसरं. कोंबडी हलक्या घोगऱ्या आवाजात त्याला उत्तर देत होती. अगदी उमापूरचा आवाज. आणि उद्या हेच आवाज उघड्यावर असणार होते.

परसात धप्प झालं. मग दुसऱ्यांदा.

तिनं खोलीचं दार ओढून कडी घातली. भिंतीवर रामहरीनं टाकलेल्या बाभळीच्या काट्या तशाच होत्या, आणि कुत्री त्यांच्यावरून येऊन रांजणापाशी बसली होती, पुढचे पाय जुळवून. खरंच हाडं वर आली होती. चांदीच्या कानाला काट्याचा ताजा ओरखडा. खोलीतून चिवचिव ऐकू येत असणार, तिला येत होती तर त्यांना येतच असणार, तरी त्यांनी तिकडं मान वळवली नाही. ती दोघं सत्यशीलाकडंच पाहत होती.

भाकर तिच्या डाव्या हातात होती, अजून कोमट. काठवटीखालची पुडी वाकलं की हाताला लागेल इतक्या अंतरावर. संध्याकाळी रामहरी येईल, पाय धुईल आणि विचारील, खाल्ली का? आजवर सगळं त्याला ठाऊक होतं आणि तो गप्प बसला होता. आज मात्र तो तिच्या तोंडाकडं बघत थांबेल. ती सांगेल तेच त्याला खरं मानावं लागेल. हा विचार तिला आवडला. आवडला हे ध्यानात आल्यावर ती चपापली.

बादल शेपूट न हलवता, डोळे न हलवता बसला होता. माघापासून ती कशाकशाला भीत आली होती — कुत्र्यांना, भगवानरावांना, नवऱ्याच्या गप्प राहण्याला, पिसांना. पण भाकर धरलेला हात अगदी स्थिर होता, आणि त्या हाताकडं ती पाहत राहिली, तो आता काय करील हे तिला सांगता येईना.