बक्षिसाची गोळी

वाल्मिकनं लग्नातला कोट हँगरवरून काढला, खिडकीबाहेर धरून झटकला आणि धाकट्या भावाच्या अंगावर चढवला. प्रितमला तो पाठीत सैल होत होता. संघप्रियानं मागून दोन सेफ्टीपिना टोचल्या आणि भाऊजी, आत गेल्यावर पाठ तेवढी दाखवू नका, असं दिराला बजावलं. वाल्मिकचे स्वतःचे कपडे साधेच होते, पांढरा शर्ट आणि काळी पँट. काशीमीऱ्याच्या हॉटेलची गाडी तो रोज ह्याच कपड्यांत चालवायचा. आज ती गाडी त्यानं मॅनेजरच्या पाया पडून दोन तासांसाठी आणली होती.

लेक सम्यकाची आज शाळाप्रवेशाची मुलाखत होती. ती चार वर्षांची, तेव्हा मुलाखत तिची असं आपलं म्हणायचं. खरी परीक्षा आईबापांची. त्या प्रेपरेटरी स्कूलला दोघंही ग्रॅज्युएट लागतात, हे कुठं लिहिलेलं नव्हतं, पण त्यांच्या अख्ख्या इंद्रलोक वस्तीला ठाऊक होतं. संघप्रिया लातूरची बीकॉम. वाल्मिक दहावी, तीही दुसऱ्या खेपेला. प्रितम मात्र सरकारी शिष्यवृत्तीवर इंग्लंडला जाऊन एमए करून आला होता आणि सध्या नोकरीच्या शोधात भावाकडेच राहत होता.

तेव्हा कल्पना वाल्मिकचीच. माझ्या जागी तू बस, मी गाडी घेऊन बाहेर थांबतो, असं त्यानं जेवताना सांगितलं, आणि इतकं सहज सांगितलं की जणू दुकानातून दूध आणायला धाडत होता. संघप्रिया दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिनं कोट ड्रायक्लीनिंगला दिला.

कागदांचा प्रश्न फारसा आला नाही. डिग्री बघायला कुणी मागत नव्हतं; ती बोलण्यातूनच कळते, असं तिथं मानत. आधार कार्डाची झेरॉक्स द्यायची होती, पण त्या काळ्या फोटोत सख्खे भाऊ सोडा, कुणीही कुणासारखं दिसतं. त्या दिवसापुरता प्रितम वाल्मिक होणार होता आणि वाल्मिक प्रितम.

खरी काळजी पोरीची होती. तिच्यासाठी वाल्मिकनं खेळ काढला. रोज ड्युटीवरून आला की तो खिशात जेम्सची पुडी ठेवून जमिनीवर फतकल मारून बसायचा. प्रितमकडे बोट दाखवून विचारायचा, हे कोण? पप्पा. मग स्वतःच्या छातीवर बोट ठेवायचा. मी कोण? ड्रायव्हर अंकल. बरोबर आलं की एक गोळी. पोरगी हुशार, चार दिवसांत पाठ झालं. मग त्यानं परीक्षा कडक केली. मध्येच लाडानं जवळ घ्यायचा, पापा घ्यायचा आणि कानात म्हणायचा, समू, मला एकदा पप्पा म्हण ना. सुरुवातीला ती फसायची. फसली की गोळी नाही. ती रडायची, आणि तो मन घट्ट करून पुडी खिशात घालायचा. आठवडा गेला आणि ती फसेनाशी झाली. कितीही लाडीगोडी लावा, ती मान हलवून हसायची आणि म्हणायची, "नो. ड्रायव्हर अंकल." आणि तळहात पुढं करायची.

प्रितम हे सगळं कॉटवर बसून बघायचा. इंग्लंडात त्यानं शनिवार-रविवारी अशाच एका शाळेत भांडी घासली होती. तिथल्या प्रेप स्कूलमध्ये पोरं सात-आठ वर्षांची झाल्यावर जातात, तेराव्या वर्षापर्यंत राहतात, काही तर तिथंच झोपतात, असं तो सांगायचा. संघप्रियाला ते ऐकवायचं नाही. एवढंसं लेकरू घराबाहेर ठेवणारी आई कसली, असं ती म्हणायची.

"आणि तिथं बापाला काय विचारतात?" वाल्मिकनं एकदा विचारलं.

"शिक्षण नाय विचारत," प्रितम म्हणाला. "आजोबा ह्याच शाळेत होते का, ते विचारतात."

वाल्मिक हसला. आजोबा उदगीरला सालगडी होते. म्हणजे तिथं आपण दोन पिढ्या आधीच नापास, इथं एकाच पिढीनं, असा हिशेब करून त्याला आपला देश जरा बरा वाटला.

मुलाखत अर्धा तास चालली. वाल्मिक गाडीला टेकून उभा होता. शेजारच्या गाडीच्या ड्रायव्हरनं "कितने साल से हो इनके पास?" म्हणून विचारलं, तर तो "शादी से पहले से" म्हणाला. मग तिघं बाहेर आले. मुख्य मॅडम पायऱ्यांपर्यंत पोचवायला आल्या होत्या, म्हणजे काम झालं होतं. वाल्मिकनं लगबगीनं मागचं दार उघडलं. मॅडम बघत होत्या. सम्यका गाडीत चढली, वळली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"थँक यू, अंकल."

त्याला अभिमान वाटला. खरंच वाटला, छाती भरून आली. गाडी घोडबंदरच्या रस्त्याला लागेपर्यंत तो अभिमान टिकला. मग आरशात त्याला मागच्या सीटवरची माणसं दिसली, कोटातला बाप, साडीतली आई, मधे पोर, आणि त्यानं आरसा वर वळवला. सिग्नलला त्यानं हात मागं करून गोळी दिली.

प्रवेश मिळाला. जूनमध्ये शाळेनं मुलांना ने-आण करणाऱ्यांची कार्डं दिली. गळ्यात घालायचं, फोटोवालं. वाल्मिकच्या फोटोखाली नाव प्रितम आणि नात्याच्या रकान्यात ड्रायव्हर. एका दिवसाचं सोंग त्याच्या गळ्यात पडलं ते असं. स्वतःच्या मोटरसायकलवर ड्रायव्हर कसला, म्हणून तो ती दोन गल्ल्या मागं लावून पोरीला चालत न्यायचा. वॉचमन विचारायचा, "साहब नहीं आते?" तो म्हणायचा, साहब बिझी रहते हैं.

जुलैमध्ये साहेबांना हैदराबादला नोकरी लागली. प्रितम बॅग घेऊन निघाला तेव्हा सम्यका दारापर्यंत गेली आणि त्याला "बाय, पप्पा" म्हणाली. प्रितमचा चेहरा पडला. त्यानं भावाच्या पायाला हात लावला तो बराच वेळ उचलला नाही. "दादा, चुकलं आपलं," एवढंच म्हणाला.

घरात आता पप्पा म्हणावं असं कुणी उरलं नव्हतं. वाल्मिकनं वाट बघितली. संघप्रिया म्हणाली, विसरेल, लहान आहे. पण सम्यका घरात पाणी मागताना अंकल म्हणायची, भूक लागली की अंकल म्हणायची. तापात फणफणली तेव्हाही अंकलच म्हणाली. संघप्रिया एकदा तिच्यावर ओरडली, तर पोर दिवसभर कावरीबावरी होऊन फिरत राहिली. शाळेत मात्र तिची वही दाखवायला दुसऱ्या वर्गात नेत होते.

एका रविवारी संघप्रिया दळण आणायला गेली होती. घरात दोघंच. सम्यका जमिनीवर पालथी पडून रंगवत होती. वाल्मिकनं दार लावून घेतलं, खुंटीवरचं शाळेचं कार्ड तिच्यासमोर कपाटात टाकलं आणि तिच्याजवळ फतकल मारून बसला.

"समू, शाळा नाय आज. मॅडम नाय, कुणी नाय," तो म्हणाला. "खेळ पण संपला आता. मला एकदा पप्पा म्हण ना."

तिनं मान वर केली. त्याच्याकडं नीट बघितलं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलेलं तिला दिसलं, तशी ती हसू लागली. इतका अवघड पेपर अंकलनी आजवर कधी काढला नव्हता.

"नो," ती मान हलवत म्हणाली. "ड्रायव्हर अंकल."

आणि रंगानं माखलेला तळहात तिनं त्याच्यापुढं धरला.

त्यानं खिसा चाचपला. मुलाखतीच्या वेळच्या पुडीत तळाशी एक गोळी राहिली होती, रंग उडालेली. ती त्यानं तिच्या हातावर ठेवली.